रात्री बारा वाजता ऊन! आर्क्टिकच्या जहाजावर दिवस संपतो तरी कधी?

रायगडमधल्या तळ्याला वर्षातला सर्वात मोठा दिवस असतो साधारण सव्वातेरा तासांचा. सूर्य मावळला की तासाभरात काळोख. आता असा दिवस डोळ्यासमोर आणा, जो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत संपतच नाही! नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर हे दरवर्षी घडतं. आर्क्टिकच्या बऱ्याच उन्हाळी क्रूझ तिथल्याच लाँगइयरब्येन गावातून सुटतात.

पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. उन्हाळ्यात उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकतो, त्यामुळे तिथे सूर्य मावळण्याऐवजी क्षितिजाभोवती प्रदक्षिणा घालतो. २१ जूनला ७९ अक्षांशावर मध्यरात्री तो सुमारे १२ अंश वर असतो आणि दुपारी जेमतेम ३५ अंश. तळ्याला डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो! म्हणून तिथे चोवीस तास ऊन असूनही जुलैचं सरासरी तापमान सात अंशांच्या आसपासच राहतं.

जहाजावर दिवस ठरतो तो घड्याळाने. नाश्ता, सूचना, मग जाड कपडे चढवून रबरी बोटीतून किनाऱ्यावर. बंदूकधारी गाइड आधी उतरतात, कारण भीती असते पांढऱ्या अस्वलाची. अस्वल दिसलं की उतरणं रद्द. २०२५ पासून जहाजांनाही अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून ५०० मीटर. पैसे मोजून आलेले पर्यटक हिरमुसतात, पण बर्फ आटत चाललेल्या प्रदेशात त्या जनावराला निवांत शिकार करू देणं जास्त गरजेचं आहे. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं आहे.

खरी पंचाईत झोपेची. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन वाढतं आणि डोळे जड होतात. इथे अंधारच नाही! केबिनचे जाड पडदे ओढून घ्यावे लागतात. त्यात रात्री एक वाजता 'देवमासा दिसतोय' अशी घोषणा झाली, तर झोपणार कोण? जूनमधल्या संकष्टीला तर तिथे चंद्रही सहसा उगवत नाही. उपास सोडायचा तर घरच्या पंचांगाचीच वेळ धरावी लागेल.

मराठी माणसाला हा प्रदेश तसा नवा नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या इंग्रजी ग्रंथात वेदांतल्या दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये असल्याचं मांडलं होतं. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत, पण ध्रुवाजवळ पहाट अनेक दिवस रेंगाळते हे अगदी खरं. स्वालबार्डच्याच न्यी-ओलेसुंद गावात २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार चालतो आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून. आपल्या मान्सूनचा आर्क्टिकच्या बर्फाशी काय संबंध, हाही तिथल्या अभ्यासाचा विषय आहे.

जायचं ठरवलंत तर एक लक्षात ठेवा. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या, नाहीतर परतीच्या वाटेवर अडकाल.