एका क्रियापदाची कुळकथा

मनातला विचार निश्चित होणे, या एकाच गोष्टीसाठी इंग्रजीत निदान तीन क्रियापदे आहेत. 'डिफाइन' हे लॅटिनमधल्या 'फिनिस' म्हणजे सीमा या शब्दावरून आले. शेताला बांध घालावा तशी कल्पनेची हद्द ठरविणे हा त्याचा अर्थ. 'फॉर्म्युलेट' म्हणजे ती कल्पना नेमक्या शब्दांच्या साच्यात बसविणे. दोन्हींत माणूस बाहेर उभा राहून काहीतरी करतो आहे. तिसऱ्या 'क्रिस्टलाइझ'ची गोष्ट निराळी, आणि खरे सांगायचे तर तिची कुळकथा एका भल्यामोठ्या गैरसमजातून सुरू होते.

ग्रीक भाषेत 'क्रुस्टालोस' म्हणजे बर्फ. हिमाच्छादित पर्वतांत सापडणारे पारदर्शक स्फटिक पाहून प्राचीनांनी ठरविले की, हा बर्फच आहे. फक्त इतका कडक गोठला की वितळणे विसरून गेला! रोमन पंडित प्लिनी याने इसवी सन 77 च्या सुमारास आपल्या ग्रंथात हेच लिहिले, आणि वर भारतातून येणारा स्फटिक सर्वांत उत्तम असेही नोंदविले. आमच्या उन्हातून गेलेला खडा बर्फाचा कसा, ही शंका काही त्याने घेतलेली दिसत नाही. ही समजूत पुढे शतकानुशतके टिकली. 1646 साली टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने लोकभ्रमांवरच्या आपल्या पुस्तकात तिचा समाचार घेतला, तोवर शब्द मात्र भाषेत मुरला होता.

मग स्फटिक म्हणजे आहे तरी काय? 1669 साली स्टेनो नावाच्या डॅनिश विद्वानाने दाखविले की, खडा लहान असो की मोठा, ओबडधोबड असो की सुबक, त्याच्या ठराविक पैलूंमधले कोन तेवढेच राहतात. फ्रान्समध्ये आउई या पाद्र्याच्या हातून म्हणे एक स्फटिक पडून फुटला, आणि तुकड्यांचे सारखे आकार पाहून त्याला वाटले की, हा सारा डोलारा एकाच घाटाच्या सूक्ष्म विटांचा असला पाहिजे. त्याचा ग्रंथ 1784 चा. अखेर 1912 साली म्युनिचमध्ये फोन लाउए यांच्या कल्पनेवरून केलेल्या क्ष-किरणांच्या प्रयोगाने आतली अणूंची शिस्तबद्ध मांडणीच उघड केली. म्हणजे कडकपणा ही स्फटिकाची खूण नव्हेच. काच कडक असते, चकाकतेही. पण तिच्या आत ती मांडणी नसते. ती नुसती थिजलेली असते.

हे विज्ञान आमच्या गृहिणींना वेगळे सांगायला नको. दाट पाकात दोरा सोडून भांडे न हलविता ठेवले की त्यावर खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. तोच पाक निवताना घोटला तर बारीक रवा पडतो. इंग्रजीतले क्रियापद नेमके असेच चालते. 'तिची योजना हळूहळू क्रिस्टलाइझ झाली' म्हटले, म्हणजे मनात विरघळून असलेले सारे आपापल्या जागी येऊन बसले. 'त्या एका घटनेने लोकांचा असंतोष क्रिस्टलाइझ केला' म्हटले, तर ती घटना दोऱ्याच्या जागी. असंतोष पाकात आधीपासून होताच.

म्हणून वर्गात मुलांना मी एवढेच बजावतो की, कोणी हट्टाला पेटून आपले मत सोडीना, तर तिथे हे क्रियापद वापरू नका. ते मत काचेचे. सभासमित्यांच्या इतिवृत्तांत 'मत क्रिस्टलाइझ झाले' असे वाचतो, तेव्हा पुष्कळदा फक्त वेळ संपलेली असते.

मराठीत आपण विचाराला 'मूर्त रूप' देतो. हा 'मूर्त' शब्द संस्कृतातल्या 'मूर्च्छ्' धातूपासून झाला, आणि घट्ट होणे, थिजणे हा त्या धातूचा एक जुना अर्थ आहे. त्याच धातूपासून देव्हाऱ्यातली मूर्ती झाली, आणि माणसाला येणारी मूर्च्छाही!