आयरिस: कुणी जमवतं, कुणी नवं घडवतं, कुणी हरवलेलं शोधतं

एक फूल जेमतेम दोन-तीन दिवस टिकतं. बहर असतो काही आठवड्यांचाच. तरीही या फुलासाठी संस्था आहेत, पदकं आहेत आणि हरवलेल्या वाणांचा माग काढणारी माणसंही आहेत. आयरिसचं हे वेड नेमकं काय आहे?

आयरिस म्हणजे काय?

ग्रीक पुराणकथांमधल्या इंद्रधनुष्याच्या देवीवरून या फुलाला नाव मिळालं. त्याच्या सुमारे ३०० जाती आहेत. युरोप-अमेरिकेतल्या बागांमध्ये 'बिअर्डेड आयरिस' विशेष लोकप्रिय आहे. त्याच्या खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो, तीच त्याची 'दाढी'. जमिनीत आल्याच्या गड्ड्यासारखा कंद असतो. चांगलं फुलण्यासाठी त्याला कडक थंडी लागते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या उष्ण भागांत तो सहसा रमत नाही. काश्मीरमध्ये मात्र कबरींवर आयरिस लावण्याची जुनी पद्धत आहे.

बहर लांबवणारे

उंचीनुसार बिअर्डेड आयरिसचे सहा गट पडतात. सर्वांत बुटके २० सेंटिमीटरपर्यंत, तर उंच ७० सेंटिमीटरच्या वर वाढतात. बुटके आधी फुलतात, उंच शेवटी. त्यामुळे सगळे गट लावणाऱ्याच्या बागेत फुलं जास्त दिवस दिसतात.

नवे वाण घडवणारे

दोन फुलांचं हाताने परागीकरण करायचं, बी पेरायचं आणि फुलाची वाट पाहायची. त्याला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. प्रत्येक रोप वेगळं निघतं आणि बहुतेक टाकून द्यावी लागतात. एखादं मनात भरलं, की त्याला नाव देऊन नोंदणी केली जाते. १९२० मध्ये स्थापन झालेली 'अमेरिकन आयरिस सोसायटी' अशा नोंदी ठेवते. यातला सर्वोच्च सन्मान म्हणजे 'डाईक्स पदक'. १९१३ मध्ये आयरिसवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या विल्यम डाईक्स यांचं नाव त्याला दिलं आहे.

घरात बसून पाहणारे

जपानमधल्या कुमामोतो भागात 'हिगो' आयरिस कुंडीत वाढवतात. फुलायच्या वेळी कुंड्या घरात आणायच्या आणि जमिनीवर बसून, निवांतपणे एकेक फूल न्याहाळायचं, अशी ही परंपरा आहे.

हरवलेले शोधणारे

बियांपासून तोच वाण पुन्हा मिळत नाही. तो फक्त कंदाचे तुकडे लावूनच टिकतो. म्हणजे शेवटच्या बागेतलं झाड मेलं, की वाण कायमचा संपला. नावाची पाटी हरवली, तर झाड जिवंत असूनही ओळख पुसली जाते.

ब्रिटिश चित्रकार सेड्रिक मॉरिस यांनी सफोकमधल्या 'बेंटन एंड' या घरी अनेक वाण तयार केले आणि त्यांच्या नावांत 'बेंटन' हा शब्द ठेवला. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे त्यांचे अनेक वाण दिसेनासे झाले. सिसिंगहर्स्ट बागेच्या माजी मुख्य माळी सारा कुक यांनी अनेक वर्षं शोध घेऊन त्यातले वीसहून अधिक वाण पुन्हा एकत्र केले. २०१५ च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये ते मांडले गेले.

एक कंद शेजाऱ्याला

दर तीन-चार वर्षांनी आयरिसची गर्दी होते, मग कंद काढून वेगळे करावे लागतात. उरलेले अनेकजण नावाच्या चिठ्ठीसह मित्रांना, शेजाऱ्यांना देतात. आपल्या बागेतलं झाड गेलं, तरी तोच वाण दुसऱ्याच्या अंगणात फुलत राहतो.