मामांचा स्टेंट आणि राहून गेलेला स्कॅन

आमच्या मामांच्या पोटातल्या महाधमनीला फुगवटा आला होता. चार वर्षांपूर्वी जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे आतून आधार दिलेली कापडी नळी, बसवली. तिसऱ्या दिवशी मामा घरी! "पोट न फाडता काम झालं," असं सगळ्यांना सांगत फिरले. फाईल कपाटात गेली. दुखत नाही, खुपत नाही, मग स्कॅन कशाला? गेल्या महिन्यात भलत्याच कारणाने सोनोग्राफी केली, तेव्हा कळलं की फुगवटा आधीपेक्षा मोठा झालाय. नळीच्या बाहेर रक्त गळतंय.

ही गळती काही नवी नाही. या उपचाराचा इतिहास तिच्याशिवाय सांगताच येत नाही.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. निस्सेन यांनी आइनस्टाइन यांच्या महाधमनीचा फुगवटा सेलोफेनने गुंडाळला. १९५५ मध्ये तो फुटला. आइनस्टाइन यांनी पुन्हा ऑपरेशन नाकारलं आणि ते गेले. दरम्यान १९५१ मध्ये पॅरिसला चार्ल्स द्युबोस्त यांनी फुगवटा कापून तिथे दुसरी धमनी जोडली. पण पोट उघडणं म्हाताऱ्या, हृदयरोगी माणसाला झेपायचं नाही.

म्हणून आतून जायची वाट शोधली गेली. खारकीवच्या वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत हे केलं. ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्युनोस आयर्समध्ये हुआन परोदी यांनी पोटातल्या. जगभर कौतुक झालं. पण फुगवटा जागेवरच राहतो, फक्त रक्ताला बगल दिलेली असते. ती बगल चुकली की गळती. सिडनीच्या जेफ्री व्हाइट यांनी १९९६ मध्ये तिला 'एंडोलीक' हे नाव सुचवलं.

गळती कुठून, यावर उपचार ठरतो. नळीच्या टोकाशी असेल किंवा नळीचे जोड सुटले, कापड फाटलं असेल, तर थांबायचं नाही. फुग्याने टोक घट्ट बसवतात, जादा तुकडा जोडतात किंवा आत नवी नळी घालतात. बाजूच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटं येत असेल तर बहुधा नुसती नजर ठेवतात. फुगवटा वाढला तरच त्या धमन्या कॉइलने किंवा वैद्यकीय गोंदाने बुजवतात. काहीच जमलं नाही, तर शेवटी पोट उघडावं लागतं.

आता खरा मुद्दा. ब्रिटनमध्ये १,२५२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. पहिल्या तीस दिवसांत स्टेंटवाल्यांचे मृत्यू १.८ टक्के, पोट उघडलेल्यांचे ४.३. जिंकलोच म्हणायचं! पण २०१६ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब आला, तेव्हा आठ वर्षांनंतर चित्र उलटलं होतं. मुख्य कारण, झाकलेला फुगवटा पुन्हा फुटणं. म्हणून संशोधकांनी सांगितलं, आयुष्यभर तपासणी हवी.

मामांच्या विम्याने ऑपरेशनचे पैसे दिले, नंतरच्या स्कॅनचे नाही. डिस्चार्ज कार्डावर 'फॉलोअप' एवढाच शब्द होता. निम्मा उपचार विकत घेतला आणि उरलेला निम्मा रुग्णाच्या आठवणीवर सोडला, असंच ना हे? विमा असो की सरकारी योजना, पॅकेजमध्ये पुढची तपासणी धरलीच पाहिजे.

मामांच्या नळीला वरच्या टोकाला तुकडा जोडला. गळती थांबली. पुढच्या स्कॅनची तारीख मामींनी कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.

तुमच्या घरात कुणाला असा स्टेंट बसवला असेल, तर आज ती फाईल कपाटातून काढा.