अन्नछत्र आणि छावणी : कोलकात्यातील उपाशी परप्रांतीयांचा इतिहास

कोलकात्यात पोट भरण्यासाठी येणाऱ्या परप्रांतीयांना फुकट जेवू घालण्याची परंपरा जुनी आहे. मात्र तिच्याकडे केवळ दानधर्म म्हणून पाहिल्यास अर्धीच बाजू दिसते. ज्यांच्या श्रमाची शहराला गरज होती त्यांच्या धान्याची तजवीज एका मार्गाने झाली, तर जे नुसते उपाशी म्हणून आले त्यांच्या पुढ्यात अन्न वाढतानाच त्यांना शहराबाहेर काढण्याचीही व्यवस्था होत गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरातील पालख्या प्रामुख्याने ओडिया भोई वाहत असत, आणि 1827 मध्ये पोलिसांनी त्यांच्यावर परवाना व ठरावीक भाडे लादले तेव्हा त्यांनी केलेला संप हिंदुस्थानातील आरंभीच्या संपांमध्ये गणला जातो. पाणी भरणे, स्वयंपाक, बागकाम ही कामेही मोठ्या प्रमाणावर ओडियांकडे असत. त्यामुळे 1866 च्या दुष्काळात, ज्यात ओडिशातील सुमारे दहा लाख माणसे मेली असे मानले जाते, गावे सोडलेल्या कुटुंबांनी कोलकात्याची वाट धरली यात नवल नव्हते. ती त्यांच्या आप्तस्वकीयांच्या पायाखालची होती. चोरबागानमधील राजेंद्र मल्लिक या धनाढ्य व्यापारी घराण्यातील गृहस्थाने या उपाशी लोकांसाठी अन्नछत्र चालवले, त्याबद्दल सरकारने पुढे त्याला ‘रायबहादूर’ किताब दिला, आणि ‘मार्बल पॅलेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या वाड्यात गरिबांना रोज जेवण देण्याचा प्रघात त्याच्यामागेही टिकून राहिला. सरकारचा कल मात्र निराळा होता. भर वस्तीतली ही गर्दी शहराच्या उत्तर टोकाला चितपूर येथील छावणीत हलवावी आणि तेथून लोकांना स्वगृही धाडावे, असे धोरण आखले गेले. रोगराईची भीती खरीच होती, तरी दिसू नये ते नजरेआड करण्याची घाईही त्यात होती असे म्हणावे लागते.

पुढे हुगळीच्या दोन्ही काठांवर ज्यूटच्या, म्हणजे तागाच्या, गिरण्या उभ्या राहिल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांतील कामगार मुख्यतः बिहार, संयुक्त प्रांत, ओडिशा व आंध्र भागांतून येऊ लागले. शहरात एकट्याने राहणाऱ्या नोकरदार-मजुरांना ‘पाइस होटेल’ नावाच्या स्वस्त खानावळींचा आधार असे. तिथे भात, डाळ, मासा यांचेच काय, केळीच्या पानाचेही पैसे वेगळे लावले जात. बडाबाजारातील गुरुद्वाराच्या लंगरात मात्र कोणालाही विनामूल्य पंगतीला बसता येई.

1943 च्या बंगालच्या दुष्काळात शहराला हवे असलेले श्रमिक आणि नुसते उपाशी यांच्यातला भेद लख्ख दिसला. जपानने ब्रह्मदेश घेतल्याने तिकडचा तांदूळ थांबला, किनाऱ्यालगतच्या नावा शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने काढून घेतल्या, ऑक्टोबर 1942 च्या चक्रीवादळाने मेदिनीपूर उद्ध्वस्त केले, आणि युद्धखर्चाने भाव असे भडकले की भूमिहीन मजूर व कोळी यांना तांदूळ परवडेनासा झाला. कोलकात्यातील गिरण्या व कचेऱ्यांचे काम अडू नये यासाठी बेंगॉल चेंबर ऑफ कॉमर्सने 1942 पासूनच आपल्या सभासदांच्या नोकरांना सवलतीच्या दरात धान्य पुरवण्याची योजना राबवली होती. म्हणजे गिरणीतला परप्रांतीय कामगार निदान या कवचाखाली होता, आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेला बंगाली शेतमजूर पदपथावर मरत होता. दारोदार मागणी व्हायची ती भाताचीही नव्हे, तर ‘फ्यान’ची, म्हणजे भात वेळून काढलेल्या पेजेच्या पाण्याची.

ऑगस्ट 1943 पासून शहरात लंगरखाने, म्हणजे पातळ खिचडी फुकट वाटणारी केंद्रे, वाढत गेली. मारवाडी रिलीफ सोसायटी, रामकृष्ण मिशन, कम्युनिस्टांशी जोडलेली महिला आत्मरक्षा समिती, हिंदू महासभेच्या श्यामाप्रसाद मुखर्जींचा पुढाकार असलेली बेंगॉल रिलीफ कमिटी अशा परस्परविरोधी विचारांच्या संस्था या कामात उतरल्या, आणि त्यांच्यातली राजकीय चढाओढ लपून राहिली नाही. तांदळाच्या टंचाईमुळे कढईत बाजरी पडू लागली. ती बंगाली पोटाला अपरिचित होती, आणि दीर्घ उपासाने खंगलेल्यांना तिच्यामुळे अतिसार जडला. तरीही केंद्रांपुढील रांगा कमी झाल्या नाहीत, कारण खेड्यांत तेवढेही मिळत नव्हते.

ऑक्टोबरमध्ये शहरात किमान एक लाख निराधार असावेत असा अंदाज होता. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून त्यांना पकडून शहराबाहेरच्या छावण्यांत नेण्याचा अधिकार घेतला. मालमोटारी आल्या की लोक पळत, आणि या धरपकडीत आईपासून मुले तुटल्याची नोंद सरकारने नेमलेल्या दुष्काळ चौकशी आयोगानेही केली. मृतांची संख्या आयोगाने सुमारे 15 लाख मानली, तर अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांच्या हिशेबाने ती 30 लाखांच्या घरात जाते.

मार्च 2020 मध्ये कोविड महामारीमुळे लागलेल्या टाळेबंदीत बडाबाजारातील हमाल, बांधकाम मजूर व सायकलरिक्षावाले पुन्हा एकदा उघड्यावर पडले. त्यावेळी जादवपूर येथे डाव्या कार्यकर्त्यांनी ‘श्रमजीवी कँटीन’ सुरू केले, तर फेब्रुवारी 2021 मध्ये राज्य सरकारने पाच रुपयांत भात, डाळ, भाजी व अंड्याचा रस्सा देणारी ‘मा’ स्वयंपाकघरे काढली; महाराष्ट्रात वर्षभर आधी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली होती. या योजनांत ताट स्वस्त झाले, परंतु शिधापत्रिका गावाकडच्याच दुकानाला बांधलेली असल्याने परराज्यातील मजूर हक्काच्या धान्याला मुकत होता. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजना 31 जुलैपर्यंत सर्व राज्यांनी लागू करावी असा आदेश दिला, आणि पश्चिम बंगालनेही ती स्वीकारली. स्थलांतरित मजुरांसाठी सामूहिक स्वयंपाकघरे चालवण्याचा जो आदेश त्याच निकालात होता, त्याची मुदत मात्र महामारी असेपर्यंतच ठेवलेली होती.