तीन पायांची गोष्ट

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघं राजमाचीला काजवे बघायला गेलो होतो. कॅमेरा नवा, लेन्स मित्राकडून मागून आणलेली आणि ट्रायपॉड... स्वस्तातला! तीस सेकंदांचं एक्स्पोजर लावलं की कॅमेरा हळूहळू मान खाली घालायचा, मीटिंगमध्ये डुलकी लागल्यासारखा. रात्रभरात एकही फोटो धड आला नाही.

परत आल्यावर चांगला ट्रायपॉड शोधायला बसलो, तर 'मॅनफ्रोटो' हे नाव सारखं समोर यायला लागलं. मला वाटलं, असेल एखादं बनवलेलं ब्रँडनेम. पण नाही मंडळी, हा खराखुरा माणूस होता, आणि मुख्य म्हणजे स्वतः फोटोग्राफर होता.

उत्तर इटलीत ब्रेंता नदीकाठी बस्सानो देल ग्रापा नावाचं गाव आहे. १९६० च्या दशकात लीनो मॅनफ्रोटो तिथे वर्तमानपत्रांसाठी फोटो काढायचे. शिवाय जाहिरातींची आणि कारखान्यांची कामंही करायचे. म्हणजे दिवे, स्टँड, सगळा संसार पाठीवर घेऊन आज इथे, उद्या तिथे. कॅमेरे आणि लेन्स तेव्हा झपाट्याने सुधारत होत्या, पण दिव्यांचे स्टँड मात्र जड आणि अवघड. ज्याचं जळतं त्यालाच कळतं! लीनोसाहेबांनी आपल्या गॅरेजमध्येच हलके, मजबूत, उंची कमीजास्त करता येणारे स्टँड बनवायला सुरुवात केली. स्वतःसाठी. मग ओळखीचे फोटोग्राफर मागायला लागले. पुढे स्वित्झर्लंडच्या एका वितरकाने मोठी ऑर्डर दिली आणि गॅरेज पुरेनासं झालं.

१९७२ मध्ये त्यांना जिल्बेर्तो बात्तोक्कियो भेटले. हे बस्सानोच्याच एका मेकॅनिकल कंपनीतले तंत्रज्ञ. एकाला अडचण नेमकी ठाऊक, दुसऱ्याला धातू ठाऊक. १९७४ मध्ये त्यांचा पहिला ट्रायपॉड बाजारात आला.

आता तीनच पाय का? चुलीचे तीन दगड आठवा. जमीन कितीही उंचसखल असो, तीन टेकू डगमगत नाहीत. चौथा आला की एक अधांतरी राहू शकतो. खरी गंमत पुढे आहे. ट्रायपॉड जड असेल तर तो स्थिर राहतो, पण मग माणूस तो घरीच ठेवून जातो. हलका असेल तर बरोबर येतो, पण थरथरतो. या धंद्याचा बराचसा इतिहास म्हणजे या दोन टोकांमधली ओढाताण. फ्रान्समधल्या 'गित्झो'ने (हेही नाव माणसावरूनच, आर्सेन गित्झहोवेन, १९१७) १९९४ मध्ये कार्बन फायबरचे पाय आणले, तेही याच दुखण्यावर.

१९८९ मध्ये ब्रिटनच्या विन्टेन ग्रुपने मॅनफ्रोटो विकत घेतली, १९९२ मध्ये गित्झोसुद्धा. विन्टेन हेही एका कारागिराचंच आडनाव. विल्यम विन्टेन यांनी १९१० मध्ये तो धंदा सुरू केला होता. म्हणजे तीन माणसांची नावं एका छपराखाली! त्या ग्रुपचं नाव मात्र १९९५ मध्ये 'व्हायटेक' झालं आणि २०२२ मध्ये 'व्हिडेन्डम'. ही नावं कुणाच्याच आईवडिलांनी ठेवलेली नाहीत. लीनो २०१७ मध्ये गेले. मागे त्यांचं आडनाव राहिलं, ट्रायपॉडच्या पायांवर.

हे सगळं वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. मी तीन वर्षं गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. गोदामात मात्र एकदाही गेलेलो नाही. माझ्या स्क्रीनवरचं ते बारीकसं बटण कुणीतरी दिवसातून शंभरदा दाबत असणार, कदाचित हातमोजे घालून. त्याला काय त्रास होतो हे मला कोण सांगणार? आमच्याकडे 'युजर' हा शब्द दिवसभर कानावर पडतो. माणूस कधी दिसत नाही.

मॅनफ्रोटोंना युजर शोधायला जावं लागलं नाही. तो रोज सकाळी त्यांच्याच आरशात दिसायचा. मला तेवढी सोय नाही. म्हणून भिवंडीच्या गोदामात एक दिवस उभं राहायची परवानगी मागणारा मेल आत्ताच ड्राफ्टमध्ये टाकलाय. सोमवारी पाठवतो.

आणि हो, ट्रायपॉड अजून घेतलेला नाही. किंमत बघून सध्या माझेच पाय लटपटताहेत :-)