स्वतंत्र समाजकार्य अहवाल (ब्रिटनमधील स्थलांतर खटले)

आईला किंवा वडिलांना ब्रिटनबाहेर पाठवले तर मुलांचे काय होईल, याची कुटुंबाला प्रत्यक्ष भेटून केलेली तपासणी व तिच्या आधारे स्थलांतर न्यायाधिकरणापुढे ठेवला जाणारा तज्ज्ञाचा लेखी अहवाल. तो लिहिणारा सोशल वर्कर गृहखात्याच्या किंवा स्थानिक पालिकेच्या वतीने काम करत नाही, म्हणून तो स्वतंत्र. अहवाल बहुतेक वेळा कुटुंबाचे वकील मागवतात. तरी तज्ज्ञाची पहिली बांधिलकी न्यायाधिकरणाशी असते आणि तसे त्याला अहवालातच लिहून द्यावे लागते. इंग्लंडमध्ये नोंदणीशिवाय कोणालाही स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. डिसेंबर २०१९ पासून ही नोंदणी ‘सोशल वर्क इंग्लंड’ या संस्थेकडे आहे.

या खटल्यांत एका बाजूला पालक असतो, दुसऱ्या बाजूला गृहखाते. मूल सहसा पक्षकार नसते आणि त्याला साक्षीला उभे करणेही टाळले जाते. मुलाचा ताबा काढून घेण्याची वेळ येते तेव्हा इंग्लंडचे कौटुंबिक न्यायालय त्याच्यासाठी वेगळा प्रतिनिधी नेमते. स्थलांतर न्यायाधिकरणात तशी सोय नाही. निकालाने ज्याचे घर मोडू शकते, त्याचेच म्हणणे ऐकायला कोणी नाही, अशी ही अवस्था आहे. अहवालाने ती थोडीफार सुधारते.

ब्रिटनने बालहक्क करार १९९१ मध्ये मंजूर केला, पण स्थलांतराचे विषय त्यातून वगळून. हा अपवाद २००८ मध्ये मागे घेतला गेला. पुढच्याच वर्षीच्या सीमा, नागरिकत्व व स्थलांतर कायद्याच्या कलम ५५ ने ब्रिटनमधील मुलांच्या हिताचा विचार करणे गृहखात्याला बंधनकारक झाले. या कलमाला खरे वजन आले ते फेब्रुवारी २०११ मध्ये, ‘झेडएच (टांझानिया)’ खटल्याच्या निकालाने. आईने खोट्या नावांनी आश्रय मागितला होता. मुले बारा व नऊ वर्षांची, जन्माने ब्रिटिश नागरिक. आईच्या वागण्याचा दोष मुलांना लावता येणार नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश लेडी हेल यांनी स्पष्ट केले. मुलाचे हित हा प्राथमिक विचाराचा मुद्दा आहे, मुलाचे मत जाणून घेतले पाहिजे आणि त्याचे हित पालकांच्या हितापेक्षा वेगळेही असू शकते, हेही त्यांनी बजावले. मात्र मुलाचे हित सर्वोपरी नाही. स्थलांतर नियंत्रणासारखी सार्वजनिक कारणे त्याच्यावर मात करू शकतात.

२०१४ च्या स्थलांतर कायद्याने ही कसोटी आणखी नेमकी केली. मूल ब्रिटिश असेल किंवा सलग सात वर्षे तिथे राहिले असेल आणि त्याने देश सोडावा ही अपेक्षा वाजवी नसेल, तर त्याच्या पालकाला बाहेर काढणे सार्वजनिक हितासाठी आवश्यक मानले जात नाही. गुन्ह्यामुळे हद्दपारी होत असेल तर कसोटी याहून कडक. एक ते चार वर्षांच्या शिक्षेत, मुलावरचा परिणाम ‘अवाजवी कठोर’ आहे असे दाखवावे लागते. हा परिणाम एखाद्या काल्पनिक सर्वसाधारण मुलाशी तुलना करून मोजू नये, समोरच्या मुलाकडे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘एचए (इराक)’ निकालात सांगितले. समोरचे मूल कोण व कसे आहे हे कोणीतरी नीट पाहून लिहिलेले असेल, तरच या निकालाला अर्थ राहतो.

हे पाहण्याचे काम घरी होते. सोशल वर्कर पालकांशी बोलतो, मुलाला एकट्याने भेटतो, शाळेचे व डॉक्टरांचे कागद वाचतो. लहान मुलांसोबत ‘तीन घरे’ काढण्याची न्यूझीलंडमध्ये तयार झालेली पद्धत अनेकजण वापरतात : एक घर काळज्यांचे, एक चांगल्या गोष्टींचे, एक स्वप्नांचे. प्रश्न साधेच असतात. सकाळी कोण उठवते? आजारी पडल्यावर जवळ कोण बसते? शाळेत रडू आले तर कोणाला सांगतोस? संपर्क व्हिडिओ कॉलवर ठेवता येईल, असा युक्तिवाद गृहखाते हमखास करते. चार वर्षांचे मूल फोनसमोर किती वेळ बसते आणि अंघोळ, जेवण, झोप यांतले काय त्यातून मिळते, हे अहवालात यायला हवे. भाषेचेही तसेच. लेस्टर किंवा स्लाव येथे वाढलेले मूल आजीशी मराठीत बोलते, म्हणून ते नाशिकच्या शाळेत सहज रुळेल असे मानणे सोपे आहे. त्याला देवनागरी वाचता येते का, हे पुस्तक पुढे ठेवूनच कळते.

न्यायाधीश सगळेच अहवाल सारख्या विश्वासाने वाचत नाहीत आणि ते योग्यच आहे. एकाच धावत्या भेटीवर उभा असलेला, पालकांचे म्हणणे जसेच्या तसे उतरवणारा किंवा गृहखात्याचे नकारपत्र व शिक्षा सुनावतानाचे न्यायाधीशांचे शेरे न वाचताच लिहिलेला अहवाल टिकत नाही. परिणाम ‘अवाजवी कठोर’ आहे की नाही, हे ठरवणे न्यायाधिकरणाचे काम. तज्ज्ञाने तो निष्कर्ष स्वतः लिहिला तर उलट वजन कमी होते. प्रतिकूल बाबी लपवल्याने सर्वाधिक नुकसान मुलाचेच होते. वडील वर्षभर घरी नव्हते आणि त्या काळात मूल सावरले होते, तर तेही लिहिलेच पाहिजे.

या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय पैशाचा आहे. एप्रिल २०१३ पासून कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर आधारलेले बहुतेक स्थलांतर खटले सरकारी कायदेशीर मदतीतून वगळले गेले. पालकांविना एकट्या असलेल्या मुलांसाठी ती २०१९ मध्ये परत मिळाली. आईवडिलांसोबत राहणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना मात्र अपवादात्मक मदतीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो नामंजूर झाला, तर अहवालाचा खर्च त्यांनी स्वतः उभा करायचा किंवा अहवालाविनाच न्यायाधिकरणापुढे जायचे.