फिरोजशहाचे लग्न आणि व्याह्यांचा रुसवा

सैनिकी लग्न म्हटले की आपल्याला कट्यार हाती घेतलेला, घोड्यावरचा नवरदेव आठवतो. पण आमच्या कलबुर्गीच्या, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याच्या इतिहासात एक लग्न असे आहे की ज्याचे वऱ्हाड म्हणजे वेढा घालून बसलेली फौजच होती.

नवरदेव फिरोजशहा बहमनी (राज्यकाळ १३९७ ते १४२२). फिरिश्ता लिहितो, की हा सुलतान आठवड्यातले तीन दिवस विद्यार्थ्यांना भूमिती, तर्कशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवी. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराजही त्याच्याच काळात इथे आले. राजधानी, छावणी आणि विद्यापीठ असे तिन्ही एकाच गावात नांदत होते.

मुद्गलच्या सोनाराच्या परथल नावाच्या मुलीसाठी विजयनगरच्या देवरायाने फौज धाडली आणि १४०६ मध्ये युद्ध पेटले, अशी फिरिश्त्याची कथा. मला तरी कृष्णा-तुंगभद्रेमधले सुपीक रान हेच खरे कारण वाटते. ते असो. देवराय हरला आणि तहात मुलगी द्यावी लागली. आंदण काय, तर बंकापूरचा किल्ला, दहा लाख होन, मोती आणि पन्नास हत्ती! शहराच्या वेशीपासून राजवाड्यापर्यंत सहा मैल मखमल अंथरली होती म्हणे.

खरी गंमत पाठवणीची. देवराय जावयाला पोचवायला निघाला, पण थोड्या अंतरावरूनच माघारी वळला. छावणीपर्यंत आला नाही, याचा फिरोजशहाला विलक्षण राग आला. सीमांतपूजनात एक नारळ कमी पडला म्हणून रुसणारे व्याही आपल्या घरोघरी आहेत. त्यांना हा राग समजावून सांगायला नको. आपल्याकडे मात्र मध्यस्थ मामा असतो. इथे दोन्हीकडे तोफा नसल्या तरी घोडदळ होते. सोयरिकीने वैर मिटले नाहीच. १४२० च्या सुमारास पानगलच्या लढाईत फिरोजशहाचा मोठा पराभव झाला आणि १४२२ मध्ये गादी भाऊ अहमदशहाकडे गेली. त्याने राजधानी बीदरला नेली.

परथलचे पुढे सुलतानाच्या मुलाशी, हसनखानाशी लग्न लागले. सोनाराच्या लेकीचे नाव फिरिश्त्याने असे जपून ठेवले आहे. राजाच्या लेकीबरोबर आलेले हत्ती त्याने मोजले, तिचे नाव मात्र लिहिले नाही.